काट्याला विचार

लाइल हाउगेनने ट्रकच्या पाठीवर घर बांधायला घेतलं त्याला पाच वर्षं झाली होती, आणि त्या घरात वजन न करता शिरलेली एकच गोष्ट होती. ती म्हणजे त्याची बायको.

बाकी झाडून सगळ्याचं वजन झालं होतं. भिंतीची फळी बसवण्याआधी न्हाणीघरातल्या काट्यावर चढायची, बिजागऱ्या नि स्क्रू स्वयंपाकघरातल्या तराजूत पडायचे, आणि मग लाइल कानामागची पेन्सिल काढून ज्याचा आकडा त्याच्याच पाठीवर लिहायचा. झोपायच्या फळीवर बेचाळीस पौंड, पाण्याच्या पंपावर साडेचार, कप अडकवायच्या खुंटीवरसुद्धा पाव. त्या ट्रकवरच्या घराच्या, म्हणजे कॅम्परच्या, दारामागे या सगळ्याची यादी होती. पहिली ओळ, 'लाइल – १८५'. दुसरी ओळ, 'मार्लिस –', आणि पुढे कोरं.

"सांगून टाक की एकदा," तो म्हणायचा. "यादी अडलीय तुझ्यामुळे."

"बायकोचं वजन विचारतोस? लाज नाही वाटत?" मार्लिस म्हणायची. "चव्वेचाळीस वर्षांत सांगितलं नाही, ते आता सांगते होय! काट्याला विचार."

लाइलने मनातल्या मनात दीडशे धरले होते. लग्नाच्या दिवशी तिला उचलून उंबरठा ओलांडला होता, तेव्हाचा अंदाज, वर वयाचे वीस. एवढ्यावर तो निश्चिंत होता.

मोंटानाच्या उत्तरेकडच्या त्या गावातून एकच मोठा रस्ता जातो, आणि त्या रस्त्यावरच्या खानावळीत मार्लिसने तीस वर्षं लोकांना कॉफी ओतली. दर उन्हाळ्यात अलास्काला निघालेली माणसं पाठीवर कॅम्पर लादलेले ट्रक दारात लावत, अंडी नि बटाटे खात, आणि शरद ऋतूत परतताना पुन्हा थांबून तिथल्या होमर गावाच्या गोष्टी सांगत. होमरला रस्ता समुद्रात घुसतो आणि तिथेच संपतो. दोन्ही बाजूंना पाणी, मधे रस्ता, पुढे काही नाही. मार्लिस ऐकायची आणि कप भरायची. स्वतः ती ग्रेट फॉल्सच्या पलीकडे कधी गेली नव्हती.

लाइल वेल्डर होता. शेतकऱ्यांचे मोडके नांगर जोडण्यात त्याची हयात गेली. निवृत्त झाला त्या आठवड्यात "तुला होमर दाखवतो" म्हणाला आणि कामाला लागला. वर्षभरात घर उभं राहिलं. तेवढ्यावर निघाले असते तर पुढचं काही घडलं नसतं. पण सुधारणा करणाऱ्या माणसाच्या तोंडून 'झालं' हा शब्द निघत नाही. खिडकी लहान वाटली, उचकटली. चूल डावीकडची उजवीकडे गेली. छताला आणखी एक थर बसला. आणि एवढ्यात मार्लिसच्या किडन्यांनी हात टेकले.

पोटाचं डायलिसिस सुरू झालं. दिवसातून चार वेळा औषधी पाण्याची पिशवी कोमट करून वर टांगायची, पोटात बसवलेल्या नळीतून आत सोडायची, काही तासांनी ते पाणी काढून टाकायचं आणि नवं भरायचं. चार पिशव्यांचं एक खोकं, दिवसाला एक खोकं, एका खोक्याचे पंचवीस पौंड. लाइलने अख्खा कॅम्पर पुन्हा उसवला. पिशव्या थंडीत गोठू नयेत म्हणून पलंगाखाली गरम राहणारा कप्पा केला, तो आतूनही उघडायचा नि बाहेरूनही. वापरलेलं पाणी वाहून जायला नळी काढली. टेबलावर, छताला, पोलादी हूक जोडला.

"एवढा जाड?" मार्लिसने तो हलवून पाहिला. "पिशवी टांगायचीय रे, बैल नाही."

असं करता करता चार उन्हाळे गेले. पाचव्या वर्षी वसंतात ग्रेट फॉल्सच्या डॉक्टरीणबाईंनी लाइलला बाजूला घेतलं. "तिला कुठे न्यायचं असेल तर याच उन्हाळ्यात न्या," त्या म्हणाल्या. "पुढच्याचं मी बोलणार नाही."

लाइलने हिशेब मांडला. अकरा दिवस जायला, दोन तिथे, अकरा यायला. चोवीस खोकी, सहाशे पौंड.

"पिशव्यांच्या कंपनीला विचारून बघ ना, वाटेत कुठे पोचवतील का," तो म्हणाला.

मार्लिस फोन घेऊन स्वयंपाकघरात गेली आणि थोड्या वेळाने बाहेर आली. "घरच्या पत्त्यावरच देतात म्हणे," तिने सांगितलं.

गावात मोठा वजनकाटा एकच, धान्यकोठारावरचा, गव्हाचे ट्रक तोलायचा. त्याच्यावर डेल्मर नावाचा माणूस. तो काचेच्या खोलीत बसून भोंग्यातून बोलायचा आणि ट्रकवाल्याचं बोलणं काट्याशेजारच्या माइकमधून ऐकायचा, त्यामुळे काट्यावर कुणाचंही काही खाजगी राहात नसे. जुलैत लाइलने भरलेला ट्रक काट्यावर चढवला. शेजारच्या सीटवर मार्लिस विणत बसली होती. ट्रकच्या दारावर तो बनवणाऱ्या कंपनीची पट्टी होती: सगळं धरून जास्तीत जास्त अकरा हजार चारशे पौंड.

"बारा हजार साठ!" भोंगा ओरडला.

"काटा मारतोस काय रे, डेल्मर?"

"वीस पौंडांच्या खालचं हा काटा दाखवत नाही आणि वरचं लपवत नाही. मार्लिस, तू उतर बघू खाली, काही फरक पडतो का पाहू!"

मार्लिसने खिडकीतून डोकं काढलं. "मी उतरले तर हा घेऊन जाणार कोणाला? तुला?"

मागे रांगेत उभ्या असलेल्या गहूवाल्यांनी हसून हॉर्न वाजवले.

लाइल घरी गेला आणि काढायला लागला. ओव्हन काढला. उन्हाची कनात काढली. जास्तीची बॅटरी, पाहुण्याचं बाक, आणि शेवटी स्वतःची हत्यारांची पेटी. ती उतरवताना त्याचा जीव कळवळला. ऑगस्टच्या मध्यावर पुन्हा काट्यावर आला. अकरा हजार सहाशे ऐंशी.

"दोनशे ऐंशी जास्त," डेल्मर म्हणाला. "कशाला जीव काढतोस? मागच्या चाकांवर हवेच्या उशा बसव. सगळे बसवतात. गाडी कशी ताठ उभी राहते बघ."

लाइलचं डोकं सटकलं. "ताठ उभी राहते, आणि ओझं? ते कुठे जातं? गाडी वाकते ती सांगायला वाकते, डेल्मर. तुमच्या त्या उशा म्हणजे तिचं तोंड दाबणं. ती कण्हायची थांबते, आणि तुम्हाला वाटतं बरी झाली. आणि मग घाट उतरताना ब्रेक जळतात." तो भोंग्याच्या दिशेने बोट नाचवत होता. "बायकोला घेऊन मी एक पौंडसुद्धा वर जाणार नाही. बसत नसेल तर जाणं रद्द."

हे सगळ्या रांगेने ऐकलं. शेजारच्या सीटवर मार्लिसनेही ऐकलं. तिने एक ओळ उसवली आणि पुन्हा विणायला घेतली.

त्या संध्याकाळी जेवताना तिने विचारलं, "खोकी कमी नेली तर?"

"खोक्यांना हात लावायचा नाही. ती सोडून काहीही."

"बरं," मार्लिस म्हणाली.

पुढचे दहा दिवस ती मोठी मजेत होती. गुडघे दुखतात म्हणाली नाही, पिशवीला नावं ठेवली नाहीत, जेवणात मीठ नाही म्हणून कुरकुरली नाही. लाइल अंगणात कपाटांची ओकची दारं उतरवत होता, तिने त्यांच्या जागी पडदे शिवले. दुपारी स्वयंपाकघराच्या मोरीत बराच वेळ पाणी पडल्याचा आवाज यायचा, तो भांड्यांचा असेल असं त्याला वाटलं. गाडीचं कण्हणं थांबलं तर काळजी करा, म्हणून गावाला ओरडून सांगणारा हा माणूस. बायको कण्हायची थांबली तेव्हा त्याला वाटलं, पडद्यांत रमलीय. अशा माणसाला काय म्हणावं, मला अजून कळत नाही.

सप्टेंबरच्या दोन तारखेला, उत्तरेला पहिला बर्फ पडायच्या बेतात असताना, तिसरं वजन झालं.

"अकरा हजार तीनशे ऐंशी," डेल्मर म्हणाला, आणि जरा थांबून, "लाइल, ती दारं किती पौंडांची होती?"

"अडतीस."

"आणि कमी झाले तीनशे. उरलेले गेले कुठे?"

"मागच्या वेळी चाकांना चिखल होता."

"ऑगस्टात? चिखल?"

"मग तुझा काटा चुकला असेल! चिठ्ठी दे नि गप्प बस."

मार्लिस खिडकीतून बाहेर बघत होती. पारडं आपल्या बाजूला झुकलं की काटा कोणी तपासत नाही. पाव पौंडाची खुंटी लिहून ठेवणारा लाइल अडीचशेहून जास्त पौंड चिखलाच्या नावावर टाकून मोकळा झाला, आणि घरी पोचेपर्यंत शीळ वाजवत होता.

दुसऱ्या दिवशी ते निघाले. आल्बर्टा, मग ब्रिटिश कोलंबियाची जंगलं, मग युकॉन. दिवसातून चार वेळा लाइल रस्त्याच्या कडेला ट्रक थांबवायचा, पलंगाखालच्या कप्प्यातून पुढच्या रांगेतलं खोकं ओढायचा, हुकाला पिशवी टांगायचा. पोटात पाणी जाताना मार्लिस खिडकीतून पिवळी झालेली झाडं बघायची. घाटांत ट्रकने हूं की चूं केलं नाही. "बघितलंस?" लाइल स्टिअरिंगवर थाप मारायचा. "एक पौंड जास्त नाही, म्हणून." ती त्याच्याकडे वळून बघायची, काहीतरी विचारल्यासारखं, आणि पुन्हा बाहेर बघायला लागायची.

अकराव्या दिवशी होमर आलं. रस्ता खरोखरच समुद्रात घुसला. दोन्हीकडे राखाडी पाणी, पलीकडे बर्फाचे डोंगर, आणि टोकाला गोट्यांचा किनारा. लाइलने तोंड समुद्राकडे करून ट्रक लावला, थर्मासातून कॉफी ओतली आणि कप तिच्या हातात दिला.

"लोक खोटं सांगत नव्हते," मार्लिस म्हणाली. थोड्या वेळाने म्हणाली, "आयुष्यभर मीच ओतली. बसल्या जागी मिळाली की किती बरी लागते रे." तिच्या डोळ्यांत पाणी होतं. लाइलला इतकं सुख झालं की पाच वर्षांचं सगळं पावलं असं त्याला वाटलं.

दोन दिवस ते तिथेच राहिले. चौदाव्या सकाळी निघायचं होतं. पुढची रांग संपली होती. लाइलने बाहेरून कप्पा उघडला, मागच्या रांगेतल्या खोक्याला दोन्ही हात घातले, पंचवीस पौंडांसाठी कंबर कसली आणि उचललं. खोकं असं भसकन वर आलं की तो तोल जाऊन मागच्या मागे गोट्यांवर बसला.

खोक्याची चिकटपट्टी व्यवस्थित होती. भिंतीकडे असलेल्या बाजूवर पेन्सिलने आकडा लिहिला होता, मार्लिसच्या गोल अक्षरात. 'दीड'. आत चार रिकाम्या पिशव्या, नीट घडी केलेल्या. त्याने दुसरं खोकं ओढलं. दीड. तिसरं. अकराच्या अकरा खोक्यांवर दीड.

तो एक खोकं घेऊन आत गेला. मार्लिस टेबलाशी बसली होती. वर हूक रिकामा होता.

"हे काय आहे?"

"दीड पौंड," ती म्हणाली. "वजन लिहिल्याशिवाय आत काही न्यायचं नाही, हा तुझा नियम. मी खोटं लिहिलेलं नाही."

"मार्लिस..."

"तू खोकं फिरवून बघशील असं मला रोज वाटायचं. पार युकॉनात, व्हाइटहॉर्सपर्यंत वाट बघितली मी, परतायला पिशव्या पुरत होत्या तोवर. बघितलं असतंस तर परत फिरले असते, देवाशपथ."

लाइलने फोन काढला.  "अँकरेज पाच तासांवर आहे. मोठं इस्पितळ आहे तिथे. कंपनीच्या हातापाया पडतो, उद्या खोकी मागवतो."

"हातापाया पडायला नको. सहा आठवडे आधी कळवलं तर कुठेही देतात ते. मी विचारलंच नव्हतं."

तो बाकावर बसला. बाहेर समुद्रपक्षी कलकलाट करत होते.

"डॉक्टरीणबाईंशी बोललेय मी," मार्लिस म्हणाली. "बंद केलं की आठवडा, दहा दिवस. झोप वाढत जाते, एवढंच. त्यांनी इथल्या दवाखान्याला कळवून ठेवलंय, नर्स येत जाईल. चार वर्षं झाली, लाइल. दिवसाला चार वेळा भरायचं, चार वेळा रिकामं व्हायचं. दमले मी. परत जाऊन त्याच खिडकीशी, त्याच पिशवीखाली मला नाही बसायचं."

"मला सांगायचं नाही?"

"सांगितलं असतं तर तू आणखी एक सुधारणा केली असतीस," ती म्हणाली. "आणि होमर राहून गेलं असतं."

तो ओरडला, विनवण्या केल्या, बाहेर जाऊन चाकाला लाथ घातली. दुपारी त्याने ट्रक सुरू केला. मार्लिस पुढे येऊन शेजारी बसली आणि तिने पट्टा लावला. "ने," ती म्हणाली. "इस्पितळात मला पलंगाला बांधून ठेवणार आहेस का?" इंजिन बराच वेळ सुरूच होतं. मग लाइलने किल्ली फिरवली आणि ते बंद केलं.

नऊ दिवस. पहिले चार ती गप्पा मारत होती, खानावळीतल्या गिऱ्हाइकांच्या नकला करत होती. मग पाय सुजले, झोप वाढली. नर्स यायची, औषध द्यायची. नवव्या दिवशी सकाळी, त्या बेचाळीस पौंडांच्या फळीवर, लाइलचा हात हातात असताना मार्लिस गेली. न्यायला दोन माणसं आली होती. त्यांनी लाइलला हात लावू दिला नाही. "सोड, एकट्याने होईल," त्यांच्यातला एक दुसऱ्याला हळूच म्हणाला, तेवढं मात्र त्याने ऐकलं.

परतीच्या वाटेवर राखेचा डबा शेजारच्या सीटवर होता, पट्टा लावलेला. रिकामा ट्रक भरलेल्यापेक्षा जास्त आदळतो, त्याच्या स्प्रिंगा ओझ्यासाठीच केलेल्या असतात. अकरा दिवस प्रत्येक खड्डा लाइलच्या पाठीच्या कण्यात बसत राहिला. मोंटानाची हद्द लागली तेव्हा त्याला ती यादी आठवली, आणि तिच्यातली कोरी ओळ.

गावाबाहेरच्या पंपावर त्याने डिझेलची टाकी काठोकाठ भरली, पाण्याची टाकीही भरली, निघताना होत्या तशा. मग घरी न जाता सरळ धान्यकोठारावर गेला आणि ट्रक काट्यावर चढवला. मागे गव्हाचे दोन ट्रक येऊन थांबले.

भोंगा खरखरला आणि बंद झाला. गावाला कळलेलं होतं. पुन्हा खरखरला. "लाइल," डेल्मर म्हणाला, "आता काय वजन करायचं राहिलंय, बाबा?"

"कर तू."

"दहा हजार नऊशे."

लाइलने जुनी चिठ्ठी काढली. अकरा हजार तीनशे ऐंशी. तेरा भरलेली खोकी वजा, अकरा रिकामी वजा, खाणंपिणं वजा. अकरा हजार उरायला हवे होते. शंभर कमी. त्याने पुन्हा केलं. शंभरच. डबा साडेचार पौंडांचा होता, पण वीसच्या खाली हा काटा काही दाखवतच नव्हता. जिच्यासाठी एवढा संसार तोलला, ती आता पासंगालाही पुरत नव्हती.

शंभर, आणि त्यातही पाचएक पौंड पोटातलं पाणी. दीडशे नव्हे. जाड स्वेटर, पाण्याने भरलेलं पोट, आणि त्याच्या डोक्यात बसलेली लग्नाच्या दिवशीची मुलगी. निघाली तेव्हाच ती एवढी झिजली होती, आणि तो शेजारी बसून स्क्रू तोलत होता.

तो खाली उतरला, मागे गेला, कॅम्परचं दार उघडलं आणि दुसऱ्या ओळीत पेन्सिलने लिहिलं, शंभर. परत येऊन ट्रकच्या पायरीला धरून उभा राहिला. मागच्या ट्रकांनी हॉर्न वाजवला नाही.

"डेल्मर," तो म्हणाला, "ती एवढी हलकी झाली होती, हे तुला दिसलं होतं?"

भोंगा खरखरला.

"सगळ्यांनाच दिसत होतं, लाइल," डेल्मर म्हणाला. "आम्हाला वाटलं, तू मोजलं असशील."